अक्षर केव्हा फोडून सांगावे: हौशी रेडिओवरील संभाषण आणि उच्चार-वर्णमाला

हौशी रेडिओ म्हणजे सरकारी परवाना घेऊन, आर्थिक लाभाचा हेतू न ठेवता, स्वतःच्या बिनतारी संचावरून इतर परवानाधारकांशी संपर्क साधण्याचा छंद. या छंदातील तोंडी संभाषण सर्वस्वी कानावर अवलंबून असते. बोलणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, ओठांची हालचाल दिसत नाही, नाव लिहिलेला कागद पुढे सरकवता येत नाही, आणि जो आवाज पोचतो तोही बहुधा अपुराच पोचतो. म्हणून इंग्रजी वर्णमालेतील प्रत्येक अक्षराऐवजी एक ठरलेला शब्द उच्चारण्याची पद्धत रूढ झाली आणि ‘ए’ऐवजी अल्फा, ‘बी’ऐवजी ब्राव्हो, ‘सी’ऐवजी चार्ली असे सव्वीस शब्द जगभर पाठ केले जाऊ लागले. या संचाला येथे उच्चार-वर्णमाला म्हटले आहे. हॅम मंडळी, म्हणजे हौशी रेडिओचालक, तिला नुसते ‘फोनेटिक्स’ म्हणतात. हे सव्वीस शब्द कोणत्याही परीक्षा-मार्गदर्शकात सापडतात आणि चार दिवसांत तोंडपाठ होतात. ते केव्हा वापरावेत, केव्हा मुळीच वापरू नयेत आणि वापरूनही काम भागत नसेल तेव्हा काय करावे, हे मात्र सहसा कोणी शिकवत नाही. प्रस्तुत पुस्तकाचा विषय तोच आहे.

या पद्धतीची गरज का पडली हे समजण्यासाठी इंग्रजी अक्षरांची नावे एकदा मोठ्याने म्हणून पाहावीत. बी, सी, डी, ई, जी, पी, टी, व्ही ही आठही नावे एकाच दीर्घ ‘ई’वर संपतात आणि त्यांच्यातला फरक फक्त आरंभीच्या क्षणभराच्या व्यंजनात असतो. स्वराला जोर असतो, तो गोंगाटातही टिकतो. व्यंजन मात्र क्षीण असते आणि तेच आधी हरवते. लघुलहरींवरील संभाषणासाठी हौशी केंद्रे बहुधा सिंगल साइडबँड ही पद्धत वापरतात. तिच्यात आवाजाचा साधारण ३०० ते २७०० हर्ट्झ एवढाच पट्टा पाठवला जातो. ‘स’ आणि ‘फ’ या ध्वनींचा ओळखू येणारा बराचसा भाग या पट्ट्याच्या वर राहतो, त्यामुळे ‘एस’ आणि ‘एफ’ ही अक्षरे शांत हवेतही एकमेकांच्या जागी ऐकली जातात. ‘एम’ आणि ‘एन’ यांचे तर समोरासमोर बसलेल्या माणसांतही घोटाळे होतात. त्यात आकाशातील विजेची खरखर, शेजारच्या केंद्राचा अडथळा, ज्याला रेडिओच्या सांकेतिक भाषेत क्यूआरएम म्हणतात, आणि सिग्नलचे चढउतार मिळाले की एका अक्षराच्या भरवशावर काहीही सोडता येत नाही.

उपायाचा इतिहास या पुस्तकाच्या भूमिकेला पुष्टी देणारा आहे. ब्रिटिश सैन्याच्या संदेशवाहकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जी पद्धत स्वीकारली तिच्यात सगळ्या अक्षरांना शब्द नव्हते. ए, बी, एम, पी, एस, टी, व्ही अशा ठरावीक घोटाळ्याच्या अक्षरांनाच अॅक, बीअर, एम्मा, पिप, एसेस, टॉक, व्हिक अशी नावे दिली होती आणि उरलेली अक्षरे साध्या नावांनीच उच्चारली जात. संशय असेल तेथेच शब्द, संशय नसेल तेथे अक्षर, हे तत्त्व म्हणजे आरंभीचीच व्यवस्था होती. सव्वीसही अक्षरांना शब्द देण्याची वेळ नंतर आली, आणि त्याचे कारण आंतरराष्ट्रीय होते: इंग्रज कानाला जी अक्षरे घोटाळ्याची वाटतात ती आणि फ्रेंच, स्पॅनिश वा जपानी कानाला वाटतात ती एकच नसतात, त्यामुळे सर्वांसाठी एकच यादी करायची तर एकही अक्षर वगळता येत नव्हते.

अशी पहिली आंतरराष्ट्रीय यादी १९२७ च्या वॉशिंग्टन येथील रेडिओ परिषदेतून पुढे आली आणि १९३२ मध्ये माद्रिद येथे सुधारली गेली. तिच्यात अॅमस्टरडॅम, बाल्टिमोर, जेरुसलेम, लिव्हरपूल, मादागास्कर, सँतियागो अशी मुख्यतः गावांची आणि देशांची नावे होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी आणि ब्रिटिश सैन्यांनी ‘एबल, बेकर’ने सुरू होणारी वेगळी यादी चालवली, ती इंग्रजी बोलणाऱ्यांना सोयीची असली तरी इतरांच्या जिभेला जड होती. युद्धानंतर नागरी विमानसेवा वाढू लागली तेव्हा आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने नवी यादी करण्याचे काम हाती घेतले आणि त्यात माँट्रिअल विद्यापीठातील भाषाशास्त्रज्ञ जाँ-पॉल व्हिने यांचा मोठा वाटा होता. १९५१ मध्ये अमलात आलेल्या या यादीत ‘सी’साठी कोका, ‘एम’साठी मेट्रो, ‘एन’साठी नेक्टर, ‘यू’साठी युनियन आणि ‘एक्स’साठी एक्स्ट्रा असे शब्द होते, प्रत्यक्ष वापरात ते कमी पडले म्हणून पुन्हा चाचण्या घेऊन त्यांच्या जागी चार्ली, माइक, नोव्हेंबर, युनिफॉर्म, एक्स-रे हे शब्द आले आणि १ मार्च १९५६ पासून आजची यादी लागू झाली. लिखित रूपातही विचार होता: फ्रेंच भाषकाने शेवटचा ‘टी’ गिळू नये म्हणून ज्युलिएटच्या इंग्रजी लेखनात तो दोनदा लिहिला जातो, आणि अल्फा ‘पीएच’ने न लिहिता ‘एफ’ने लिहिला जातो. प्रत्येक शब्द अनेक देशांच्या कानांवर घासून पाहिलेला आहे, आणि ज्यांना तो सहज बदलून टाकावासा वाटतो त्यांनी ही मेहनत आधी लक्षात घ्यावी.

हौशी रेडिओच्या जगात या यादीकडे पाहण्याचे काही निरनिराळे संप्रदाय तयार झाले. पहिला संप्रदाय कर्मठांचा: ठरलेला शब्द सोडून दुसरा उच्चारायचा नाही, कारण ऐकणाऱ्याचा कान त्याच शब्दाची वाट पाहत असतो आणि अर्धा ऐकू आला तरी मेंदू उरलेला भरून काढतो. दुसरा संप्रदाय दूरदेशी संपर्कांच्या मागे असणाऱ्यांचा. त्यांच्यात १९३२ च्या यादीची परंपरा अजून जिवंत आहे आणि लिमा ऐकू गेले नाही तर लंडन, गोल्फ ऐकू गेले नाही तर जर्मनी, किलो ऐकू गेले नाही तर किलोवॅट असे शब्द ते वापरतात. लांब शब्दाचा एखादा तरी तुकडा गोंगाटातून पलीकडे जातो, हा त्यांचा अनुभव खरा आहे. तिसरा वर्ग हौसेने स्वतःच्या अक्षरांवर गमतीदार वाक्ये रचणाऱ्यांचा आहे. ओळखीच्या मंडळींत अशी वाक्ये लक्षात राहतात, पण अनोळखी केंद्राला त्यांचा काही उपयोग नसतो. उलट ऐकणारा प्रत्येक शब्दाचे आद्याक्षर शोधत बसतो. चौथे मत असे की जवळच्या स्पष्ट संपर्कात यादी वापरूच नये. अमेरिकेच्या नियमांत केंद्राची ओळख नीट पटावी म्हणून या वर्णमालेच्या वापरास प्रोत्साहन दिले आहे, सक्ती केलेली नाही. निर्णय चालकाच्या समजुतीवर सोपवला आहे. हे पुस्तक पहिल्या संप्रदायाला पाया मानते, दुसऱ्याला राखीव साधन मानते, तिसऱ्याला मित्रमंडळाबाहेर जागा देत नाही आणि चौथ्याचे म्हणणे बऱ्याच अंशी स्वीकारते.

भारतातील केंद्रांची नावे, म्हणजे कॉलसाइन, ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होतात. त्यांच्यापुढे एक अंक आणि नंतर दोन किंवा तीन अक्षरे येतात. परवाना दळणवळण मंत्रालयाच्या अखत्यारीतील वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंगकडून मिळतो आणि व्यवहाराची चौकट १९७८ च्या हौशी सेवा नियमांनी घालून दिली आहे. माजी पंतप्रधान राजीव गांधी यांचे कॉलसाइन व्हीयू२आरजी होते. यादीप्रमाणे ते ‘व्हिक्टर युनिफॉर्म टू रोमिओ गोल्फ’ असे उच्चारले जाई. महाराष्ट्राचा या रेडिओलहरींशी जुना संबंध आहे. १९४२ च्या आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून चालवलेल्या गुप्त काँग्रेस रेडिओने ४२.३४ मीटर ही लहर जाहीर केली होती, आणि हिशेब केला तर ती साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ येते, म्हणजे आज ज्या चाळीस मीटर पट्ट्यात राज्यातील हॅम मंडळी बोलतात त्याच पट्ट्यात ती बसते. ते हौशी संभाषण नव्हते, एकतर्फी प्रक्षेपण होते. तरी या पट्ट्यावर बोलणाऱ्या मराठी माणसाला तो वारसा ठाऊक असावा.

मराठी भाषकाला ही यादी परकी वाटण्याचे कारण नाही. हॉटेल, युनिफॉर्म, इंडिया, किलो, पापा, एक्स-रे, नोव्हेंबर हे शब्द मुरबाडच्या बाजारातही रोज कानावर पडतात. बँकेत किंवा गॅसच्या नोंदणीसाठी फोनवर नाव सांगताना ‘पुण्याचा पी, नाशिकचा एन, दिल्लीचा डी’ असे म्हणण्याची सवय घराघरांत आहे, म्हणजे तत्त्व प्रत्येकाला उपजतच कळलेले आहे. फक्त काही उच्चार जपावे लागतात. लिमा हा ‘लीमा’ असाच म्हणायचा, लायमा नव्हे. क्वेबेकचा मान्य उच्चार ‘केबेक’ आहे. पापातील जोर दुसऱ्या अक्षरावर येतो. व्हिक्टर आणि व्हिस्की हे दोन्ही शब्द मराठी जिभेवर एकाच ध्वनीने सुरू होतात आणि पुढचा स्वरही एकच असतो, म्हणून त्यांचा उत्तरार्ध गिळला गेला तर ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांत फरकच उरत नाही. हे दोन शब्द शेवटपर्यंत स्पष्ट म्हणण्याचा सराव मराठी चालकाने मुद्दाम करावा.

अंकांची अडचण याहून मोठी आहे. इंग्रजीत ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ यांचा घोटाळा टाळण्यासाठी वैमानिक ‘फाइफ’ आणि ‘नाइनर’ म्हणतात. मराठीत सहा आणि दहा, सात आणि साठ हे जोड तितकेच धोक्याचे आहेत, आणि एकोणसाठ व एकोणसत्तर हे शब्द तर आवाज क्षीण झाला की केवळ ‘एकोण’ एवढेच पोचवतात. म्हणून मराठीत बोलतानाही अंक सुटे सांगावेत: एकोणसाठ नव्हे, पाच नऊ. सिग्नलची प्रत सांगताना स्पष्टतेसाठी एक ते पाच आणि तीव्रतेसाठी एक ते नऊ असे अंक देतात, तेथे ही सवय आपोआप लागते. फोन नंबर, किलोमीटरचा दगड किंवा रुग्णाचे वय सांगताना ती सुटते, आणि नेमकी तेथेच तिची गरज असते.

पुस्तकातील उदाहरणांचा भूगोल मुरबाड तालुक्यातील टोकावडे आणि आसपासचा मुलूख हा आहे. कल्याणहून मुरबाड, सरळगाव, टोकावडे, वैशाखरे, मोरोशी असा माळशेज घाटाकडे जाणारा अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) रस्ता सह्याद्रीच्या कड्याला जाऊन भिडतो, आणि शहापूर तालुक्यात माहुलीपासून डोळखांबपर्यंत डोंगर व जलाशय यांनी वस्त्या एकमेकींपासून तोडलेल्या आहेत. हातातल्या संचावर वापरली जाणारी १४४ ते १४६ मेगाहर्ट्झची लहर साधारण सरळ रेषेत जाते; गोरखगडाच्या किंवा माहुलीच्या माथ्यावरून ती दूरवर पोचते, पण दरीत उतरलेल्या चालकाला एका कड्याने पूर्ण मुके केलेले असते. पावसाळ्यात घाटात दरडी कोसळतात, वीज जाते आणि मोबाइलचा मनोरा बंद पडला की दुसरे साधन उरत नाही. याच सह्याद्रीत, घाटमाथ्यावरच्या आंबेगाव तालुक्यात, ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव दरडीखाली गेले तेव्हा ती बातमी बाहेर आली ती तेथे पोचलेल्या एस. टी. बसच्या चालकामुळे. एखाद्या गावाविषयी बोलणारा एकच माणूस आणि एकच संच शिल्लक असेल, तर त्याने उच्चारलेले गावाचे नाव बरोबर ऐकले जाणे ही मदतीची पहिली अट ठरते.

मुरबाड तालुक्यात मोरोशी आहे आणि शिरोशीही आहे. दोन्ही नावे तीन अक्षरांची, दोन्हींचा शेवट ‘रोशी’ असा, आणि फरक फक्त पहिल्या अक्षरात. बोलण्याचे बटण दाबल्याबरोबर पहिला शब्द सुरू करण्याची घाई नवख्याला असतेच, आणि संच प्रक्षेपण सुरू करेपर्यंत ते पहिले अक्षर कापले जाते. ऐकणाऱ्याकडे येते ते ‘…रोशी’. मग रुग्णवाहिका कोठे पाठवायची? नाव पुन्हा तसेच उच्चारून उपयोग नाही, कारण तोच भाग पुन्हा कापला जाण्याचा धोका आहे. यादीप्रमाणे सांगायचे तर ‘मोरोशी, आय स्पेल, माइक ऑस्कर रोमिओ ऑस्कर सिएरा हॉटेल इंडिया, मोरोशी’ असा क्रम लागतो: आधी नाव, मग अक्षरे, मग पुन्हा नाव. ही बिनतारी व्यवहाराची शिस्तीची पद्धत आहे आणि बाहेरच्या, मराठी न कळणाऱ्या चालकाशी बोलताना तीच वापरावी. पण ऐकणारा कल्याणचा किंवा मुरबाडचा असेल तर सात शब्दांऐवजी ‘मोरोशी, हमरस्त्यावरचे, भैरवगडाच्या पायथ्याचे’ एवढे सांगणे अधिक पक्के ठरते, कारण त्यातील प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे त्याच गावाकडे बोट दाखवतो. शिवाय मराठी गावांच्या नावांचे रोमन लेखन प्रत्येक जण वेगळे करतो. टोकावडे हे नाव कोणी ‘डब्ल्यू’ने लिहितो, कोणी ‘व्ही’ने, आणि अशा वेळी अक्षरे बिनचूक पोचूनही नकाशावर गाव सापडत नाही. मराठी नावांच्या बाबतीत उच्चार-वर्णमालेला खुणेची जोड हवी, असे या पुस्तकाचे ठाम प्रतिपादन आहे.

कॉलसाइनचे मात्र तसे नाही. त्याला अर्थ नसतो, संदर्भ नसतो, एक अक्षर चुकले तर ते दुसऱ्याच माणसाचे होते; म्हणून अनोळखी केंद्राशी पहिला संपर्क, गर्दीतून पुकार, क्षीण सिग्नल आणि नोंदवहीत लिहायची ओळख या प्रसंगी ते पूर्ण यादीप्रमाणेच सांगावे. हौशी मंडळी स्थान कळवण्यासाठी पृथ्वीचे अक्षर-अंकांचे चौकोन वापरतात; मुरबाड-शहापूरचा भाग ‘एमके६९’ या चौकोनात येतो आणि ‘माइक किलो सहा नऊ’ असे म्हटल्याशिवाय तो ‘एनके’ किंवा ‘एमके५९’ होण्याची धास्ती राहते. याउलट सर्वांसाठी दिलेली हाक म्हणजे ‘सीक्यू’. ती ‘चार्ली क्वेबेक’ अशी फोडण्याची आवश्यकता नाही, आणि क्यूएसएल (पोच), क्यूटीएच (ठिकाण) यांसारखे संकेतही सरळच उच्चारले जातात, कारण ऐकणाऱ्याला ते आधीच ठाऊक असतात. एफएमवरील स्थानिक संभाषणात आवाज एक तर स्वच्छ येतो किंवा येतच नाही; तेथे ओळखीच्या माणसाने प्रत्येक फेरीला स्वतःचे पूर्ण कॉलसाइन यादीने म्हणणे म्हणजे इतरांचा वेळ आणि स्वतःची बॅटरी दोन्ही खर्च करणे होय. उपग्रहामार्फत बोलताना एका फेरीला दहा-पंधरा मिनिटेच मिळतात, आणि ५ मे २००५ रोजी भारताने सोडलेला हॅमसॅट वापरणाऱ्यांना शब्द जपून वापरण्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागले नसेल.

अर्धवट ऐकू आले असता काय करावे, हा भाग सर्वांत उपेक्षित आहे आणि म्हणूनच पुस्तकात त्याला अधिक जागा दिली आहे. पूर्ण कॉलसाइन पुन्हा मागण्यापेक्षा जेवढे कळले तेवढे यादीने परत म्हणावे, ‘ब्राव्हो डेल्टा, पुढचे?’ असे, समोरचा मग फक्त हरवलेले अक्षर देतो. तोच शब्द दोनदा जाऊनही पोचत नसेल तर तिसऱ्यांदा तोच ओरडून उपयोग नसतो. तेव्हा दूरदेशी संप्रदायाची शहरांची नावे काढावीत, पण एका वेळी एकच अक्षर बदलावे, सगळे कॉलसाइन नव्या शब्दांत सांगू नये, नाहीतर ऐकणाऱ्याला ते दुसरेच केंद्र वाटते.

या विषयाला आज निकड आहे ती आपत्तीच्या दळणवळणामुळे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात, २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात आणि २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत हौशी चालकांनी दळणवळणाला हात दिला. त्सुनामीच्या वेळी हौशी चालक भारती प्रसाद यांचे पथक पोर्ट ब्लेअर येथे आधीपासूनच संचांसह होते. अशा वेळचे निरोप वर्णनांचे नसतात. ते नावांचे, गावांचे, संख्यांचे आणि औषधांचे असतात, आणि त्या प्रत्येकात एका ध्वनीच्या चुकीने माणूस, जागा किंवा मात्रा बदलते. त्याच वेळी लहर एकच असते आणि रांगेत अनेक जण असतात, म्हणून अनावश्यक अक्षरफोड करणाराही तितकेच नुकसान करतो. नेमकेपणा आणि थोडक्यात बोलणे यांचा तोल संकटाच्या दिवशी शिकता येत नाही. तो रोजच्या गप्पांतून, सकाळच्या चाळीस मीटरवरच्या भेटींतून, गडावरून केलेल्या संपर्कांतून हाडीमाशी मुरावा लागतो.

प्रस्तुत पुस्तकाने नवख्या मराठी वाचकाला, विशेषतः शहापूर-मुरबाडकडील विद्यार्थी, शिक्षक आणि गिर्यारोहक यांना, डोळ्यांसमोर ठेवले आहे. यादीतील प्रत्येक शब्दाचा उच्चार, त्याचे पर्याय आणि मराठी जिभेला त्यात अडखळायला होणाऱ्या जागा यांची चर्चा येथे आहे. पण अधिक भर प्रसंगांवर आहे. ऐकणारा कोण, सिग्नल कसा, गेलेले अक्षर चुकले तर काय बिघडेल, हे प्रश्न बटण दाबण्यापूर्वी मनाशी विचारण्याची सवय लावणे हा पुस्तकाचा हेतू आहे. देवनागरीसाठी प्रमाण उच्चार-वर्णमाला रचण्याचा मोह येथे टाळला आहे. कमळाचा ‘क’ आणि गणपतीचा ‘ग’ शाळेत सर्वांनी ऐकलेले असले तरी काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे तोंडी फोडून सांगण्याची सर्वमान्य रीत चाचण्यांशिवाय ठरवता येणार नाही, आणि १९५१ च्या यादीतील पाच शब्द पाच वर्षांत बदलावे लागले हे पाहता अशी रीत कागदावर घाईने ठरवणे योग्य नाही. तिच्यासाठी लागणारी उदाहरणे, म्हणजे परस्परांत मिसळणारी गावांची नावे, आडनावे आणि अंक, वाचकांनी आपापल्या तालुक्यातून टिपून ठेवावीत, म्हणून शेवटी कोरी पाने सोडली आहेत.